देवघराखालची आत्या

चंदीगडला धुकं उतरलं की आमच्या घरातली आत्या ऐकू यायला लागते. एरवी ती गप्प असते असं नाही. पण पंखे, कूलर आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न यांच्या गलबल्यात तिचा आवाज विरून जातो. डिसेंबर सरता सरता एका सकाळी खिडकी उघडावी तर समोरचं घर नाहीसं झालेलं असतं. सेक्टर २२ च्या बाजाराकडून येणारे आवाज रजईखालून आल्यासारखे येतात, पंखे केव्हाचेच बंद असतात, आणि मग देवघराच्या खालच्या कप्प्यातून तिची बारीक, एकसुरी घरघर सगळ्या घरभर पसरते. यंदाही परवा आली. मी चहाचं आधण ठेवलं आणि मनाशी म्हटलं, चला, हंगाम सुरू झाला.

ही आत्या म्हणजे एक सर्व्हर आहे. नाव मोठं, लक्षण साधं: कधीच बंद न करायचा एक जुना संगणक. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप आपापल्या चीजवस्तू त्याच्याकडे ठेवायला देतात आणि हव्या तेव्हा मागून घेतात. मी सेक्टर ३० मधल्या एका प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करते. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं ताळ्यावर आणायची आणि घरी येऊन स्वतःचं एक बिघडवायचं, असा हा छंद. हे खोकं कुणीतरी टाकायला काढलं होतं. मी ते रिक्षात मांडीवर घेऊन आले तेव्हा माझा नवरा श्रीधर दारातच म्हणाला होता, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." इन्व्हर्टरचा एकुलता एक जादा प्लग देवघरापाशी होता, म्हणून ते देवांच्या खाली गेलं. तेव्हापासून पाहुणे देवाला नमस्कार करतात तेव्हा अर्धा नमस्कार तिला पोचतो.

हे काढून टाक असं मला किती जणांनी सांगितलं असेल, त्याची मी मोजदाद ठेवलेली नाही. श्रीधर सेक्टर ३४ च्या एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचा सोपा मार्ग माहीत असतो. "अगं, सगळं जग क्लाउडवर गेलं, तू कसली किराणा दुकानासारखी बरण्या भरून ठेवतेस?" ऑफिसातले सहकारी हसतात. बाजारात डिस्क आणायला गेले की दुकानदार माझ्या मागे बघतो, भाईसाहब कुठे आहेत म्हणून. भाईसाहबना डिस्क कशाशी खातात ते ठाऊक नाही, हे मी त्याला दरवेळी सांगते. आणि क्लाउड म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. कुणाच्या तरी गोदामात आपलं सामान; फळी त्यांची, कुलूप त्यांचं, आणि उद्या नियम बदलले तर तेही त्यांचेच. माझं सामान माझ्या घरात राहील. आवाज करील, जागा अडवील, धूळ खाईल, पण माझ्या घरात राहील. हा हट्ट आहे, आणि मला तो सोडायचा नाही.

तिला आत्या हे नाव मी उगाच दिलेलं नाही. खरी कमलआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. तिचं का झालं नाही असं विचारणाऱ्या बायकांना ती "मी केलं नाही" असं दुरुस्त करून सांगायची. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. कऱ्हाड हवंय, घ्या कऱ्हाड. बेळगाव हवंय, थांबा, लाइन बिझी आहे. लहानपणी तिचा डबा पोचवायला गेले की मी दाराशी उभी राहून बघायची. सगळं गाव एकमेकांशी बोलत होतं, आणि मध्ये ती. दर तीन मिनिटांनी ती बोलणाऱ्यांच्या मध्ये तोंड घालायची: "तीन मिनिटं झाली." मग समोर मामलेदार असो नाहीतर मंत्री. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली की आजही ती घरच्या फोनवरसुद्धा तीन मिनिटं झाली की तसं सांगते आणि ठेवून देते.

तर सर्व्हर जोडून झाला आणि तो रुक्ष इंग्रजीत माझ्याशी बोलायला लागला, तेव्हा मी ते सगळे निरोप पुसले आणि कमलआत्याच्या तोंडी शोभतील असे मराठीत लिहिले. चुकीचा पासवर्ड टाकला की पडद्यावर यायचं, "कोण बोलतंय? नीट सांगा." जागा संपत आली की, "आधीचं आवरा, मग नवीन आणा." एकाच वेळी सगळ्यांनी काही मागितलं की, "लाइन बिझी आहे. थांबायला शिका." सगळ्याची रोजची नक्कल, म्हणजे दुसरी प्रत, उतरवून झाली की, "झालं. आता त्रास देऊ नका." माझी मुलगी जुई चंदीगडातच जन्मली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती तेव्हा दहावीत होती. फोटो अडकले की ती ओरडायची, "मम्मा, आत्या फिर से भड़क गई यार." आणि मला उगीचच बरं वाटायचं.

मग तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात खरी आत्या आली.

ती न्हाणीघरात घसरली होती. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा सुजला, आणि दोन तास ती तिथेच बसून राहिली, दूधवाला येईपर्यंत. माझा भाऊ संजू पुण्याला असतो. तो धावत गेला, डॉक्टर केला, आणि मला फोन केला. "ताई, आता बास. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एकटी. मी पुण्याजवळ एक चांगला आश्रम बघितलाय. जागा फेब्रुवारीत मिळतेय. तोवर तू ने." माझ्या भावाला मी वाईट म्हणणार नाही. त्याची काळजी खरी होती, त्याच्या दोन खोल्यांत सासू-सासरे होते. पण तो पुण्यात बसून तिचं सगळं ठरवत होता, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं, आणि ते मला रुचलं नाही. मी मनाशी पक्कं केलं, तिला परत पाठवायचंच नाही. ती इथेच राहील, माझ्याकडे.

आत्या आली ती ऐन धुक्यात. गाडी इतकी उशिरा आली की तिनं स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारलं, "तुमच्याकडे सूर्य असतो का, की तोही पोस्टिंगवर जातो?" घरात आली, मोज्यांवर मोजे चढवले, देवांना हात जोडले, आणि खालून आलेल्या घरघरीनं दचकली. जुईनं हसत हसत सांगितलं, "आजी, ये भी आत्या है. आप ही हो ये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण एखाद्याची नक्कल करावी आणि तो माणूस दारात उभा असावा. पण आत्यानं शांतपणे खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणाली, "दाखव काय बोलते ते." मी चुकीचा पासवर्ड टाकला. तिनं वाचलं आणि मान हलवली. "कोण बोलतंय असं मी जन्मात कधी विचारलं नाही. ऑपरेटरला कोण बोलतंय हे नुसत्या हॅलोवरून कळतं. आम्ही विचारायचो, नंबर सांगा." मी ते बदललं. मग तिनं बाकीचेही तपासले, एकेक, परीक्षेचे पेपर तपासावेत तसे. "त्रास देऊ नका" तिला पसंत पडलं नाही. "मी फटकळ होते, उद्धट नव्हते. फरक असतो, वृंदे." तिथे तिनं सांगितलेलं वाक्य आलं: "नोंद झाली. बोलणं संपलं असेल तर लाइन सोडा."

त्या महिन्यात ऊन पडलंच नाही म्हटलं तरी चालेल. उत्तरेतल्या माणसांना याची सवय असते. ती शेंगा फोडतात, तीळगुळाची गजक खातात, गाजर किसतात, आणि "धूप निकली" ही बातमी लग्न ठरल्यासारखी एकमेकांना सांगतात. आम्हा दक्षिणेकडच्या लोकांना मात्र सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही की कुणीतरी रागावलंय असं वाटायला लागतं. फरशी पायाला चावायची. धुतलेले कपडे वाळत नसत, नुसते गार होत. सगळ्या घरात कायमची उबदार जागा एकच होती, देवघराखालचं ते खोकं. आत्यानं ती दोन दिवसांत हेरली. तिची खुर्ची तिथे गेली, मग पाट, मग लोकर. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला एक भांडं उलटं करून दाखवलं. दही हललं नाही. माझ्याकडे हिवाळ्यात दही लागत नसे, हे माझं इतक्या वर्षांचं दुखणं. आणि आत्यानं विरजणाचं भांडं आत्याच्या डोक्यावर ठेवून ते मिटवलं होतं. खाली राहणाऱ्या आमच्या घरमालकीण बीजी दुसऱ्याच दिवशी आपला डोंगा, झाकणाचं खोलगट भांडं, घेऊन वर आल्या. "भैनजी, थोड़ी जगह मेरे दही के लिए भी." दोघींची भाषा वेगळी, पण कडक दह्यावर त्यांचं एकमत होतं.

दुपारी जुई शाळेतून आली की दुसरंच काहीतरी चालायचं. धुक्यामुळे शाळेची वेळ बदललेली, बाहेर खेळायला जायची सोय नाही. एकदा तिनं सहज विचारलं, "आजी, आपको अभी भी कोई नंबर याद है?" आत्या म्हणाली, "लिहून घे." आणि डोळे मिटून सुरू झाली. दोनशे सतरा, सतारी बनवणाऱ्यांची वखार. घंटा वाजली तरी उचलायला वेळ लावतात, हातात लाख असते. एकशे चार, बाळंतपणाचा दवाखाना. तो रात्रंदिवस आधी जोडायचा. तीनशे नऊ, पेठेतले एक वकील. बायको फोनवर आली की हे पलीकडून ठेवतात. नंबर, माणूस, स्वभाव. जुई हिंदीच्या सवयीनं ऱ्हस्व-दीर्घ चुकवत टाइप करायची, आत्या चुका सांगायची, जुई "सॉरी, सॉरी" म्हणून सुधारायची. दोनशेच्या वर नोंदी झाल्या. एक आख्खं गाव, जे आता तसं उरलेलं नाही, आमच्या पॅसेजमध्ये गोळा होत होतं. एक दिवस मी स्वयंपाकघरातून ऐकलं, जुई विचारत होती, "आजी, मग त्या वकिलाचं पुढे काय झालं?" मराठीत, न अडखळता. मी पोळी तव्यावर विसरले.

आजही धुक्यातून चालत प्रयोगशाळेत जाताना मला ती दुपार आठवते. या शहरात सगळे चौक सारखे, सगळे रस्ते सरळ. धुक्यात आपण कुठल्या सेक्टरात आहोत ते सायकलवाल्याला विचारावं लागतं. पण माणूस हरवत नाही. कुठलाही रस्ता धरा, तो पुढे नेऊन सोडतोच. मला तेव्हा असंच वाटत होतं की आत्याचाही रस्ता सरळ आहे, आणि तो माझ्या घरी येऊन संपतो.

लोहडीच्या, म्हणजे इकडच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी आत्यानं आंबोळ्यांचं पीठ भिजवलं. दही लागतं तर पीठही फुगेल, असा तिचा हिशेब, आणि तो बरोबरच होता. मी कामावर, श्रीधर क्लासला, जुई शाळेत. पीठ फुगलं. फुगलं ते झाकण उचलून उतू गेलं, खोक्याच्या वरच्या जाळीतून आत उतरलं, आणि एक फट्‌ आवाज आला. मी दुपारी घरी आले तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. दुसरी, जळका वास. आत्या खुर्चीत सरळ बसली होती, हातात ओलं फडकं, प्लग काढून ठेवलेला.

"मी सांडलं," ती म्हणाली. "आवाज झाल्याबरोबर लाइन तोडली. पण उशीर झाला असावा."

मी "जाऊ दे गं" म्हटलं, पण खोक्याचं झाकण उघडायचा मला धीर होईना. इतकी वर्षं मी ज्याला त्याला सुनावत आले होते, माझ्याकडे सगळ्याच्या दोन-दोन प्रती असतात म्हणून. होत्या. दोन डिस्क होत्या, एकमेकींच्या डोक्यावर, एकाच खोक्यात, एकाच जाळीखाली. उपकरणं दुरुस्त करून पोट भरणाऱ्या बाईनं ही चूक करावी. जुईनं लिहिलेलं ते गाव त्या दोन डिस्कांशिवाय कुठेही नव्हतं. आत्याला मी हे सांगितलं नाही, पण तिनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "दुसरी कुठे असते?" मी बोट दाखवलं. तिनं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवतेस होय?"

दुसऱ्या दिवशी, आत्या आल्यापासून पहिल्यांदा, ऊन पडलं. सगळा मोहल्ला गच्चीवर. बीजींनी आपल्या बाजेवर वड्या वाळत घातल्या होत्या, त्या सरकवून आम्हाला अर्धी बाज दिली. आम्ही दोघींनी खोक्याचे सुटे भाग त्यावर मांडले, आणि मी स्पिरिट आणि मऊ ब्रश आणला. आत्यानं ब्रश माझ्या हातातून घेतला. "आमच्या बोर्डाचे काँटॅक्ट दर आठवड्याला आम्हीच पुसायचो. मेकॅनिकची वाट कोण बघणार?" तिची बोटं वाकडी झाली होती, पण ब्रश नेमका हवा तिथेच जात होता. फटीत सुकलेलं पीठ ती कणकण काढत होती. बीजींनी डोक्यावरची चुन्नी सावरत विचारलं, "भैनजी, कंप्यूटर भी धूप में सुखाते हैं आपके महाराष्ट्र में?" आत्या म्हणाली, "जो गीला होता है, वो सुखाते हैं जी." तिचं हे हिंदी ऐकून जुई बाजेवर लोळली.

एक डिस्क गेली. दुसरी संध्याकाळी, जुन्या सुट्या भागांवर, खरखरत उठली. जुईनं श्वास रोखून यादी उघडली. एकशे चार, दवाखाना. दोनशे सतरा, वखार. सगळं होतं. तिनं आत्याच्या गळ्यात हात टाकले, आणि मी बाजूला जाऊन डोळे पुसले.

नेमका तेव्हाच संजूचा व्हिडिओ कॉल आला. श्रीधरनं भाबडेपणानं सगळी हकिगत सांगून टाकली. संजूचा चेहरा गंभीर झाला. "बघ ताई, मी हेच म्हणत होतो. आज पीठ, उद्या गॅस. तिला एकटी ठेवायचा प्रश्नच नाही."

"पीठ मी ठेवलं होतं," मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस," मागून आत्याचा आवाज आला. "लाइनवर खोटं बोललेलं मला लगेच कळतं." तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडासमोर धरला. "संजू, मी ठेवलं होतं. मीच सांडलं, मीच लाइन तोडली, मीच साफ केलं. तू घसरला नाहीस का कधी?"

"आत्या, तुझ्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे. म्हणून ऐकून घेते. आता तू ऐक. तुझ्या आश्रमात मी जाणार नाही."

मी विजयानं श्रीधरकडे बघितलं. आत्या पुढे म्हणाली, "आणि इथेही राहणार नाही."

संजू पडद्याजवळ सरकला, मीही. "हिच्या यंत्राची दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी," आत्या म्हणाली. "दुसऱ्या गावात असेल तर उत्तम. माझं गाव त्यात लिहिलेलं आहे, तर ते माझ्या गावातच ठेवू दे की. मिरजेला माझं घर आहे, प्लग आहे, मी आहे. न्हाणीघरात दांडा बसवून घेते, चपला बदलते. झालं? तीन मिनिटं झाली." आणि तिनं फोन ठेवला.

मी तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. हे इथे कबूल करते. मला फार लागलं होतं. मी तिला काय कमी केलं होतं? उबदार कोपरा दिला, दही दिलं, नात दिली. मी भांडले तेव्हा ती लोकर गुंडाळत म्हणाली, "तू त्या ढगाबिगाबद्दल नवऱ्याला काय सांगतेस ते मी ऐकलंय की. आपलं सामान आपल्या घरात. मग माझं सामान कुठे असायला पाहिजे, सांग बघू." माझ्याच हट्टानं मला पालथं पाडलं होतं. फळी माझी, कुलूप माझं, नियमही माझेच. प्रेमाचे असले म्हणून काय झालं.

धुकं विरलं तशी ती गेली. मी सोबत गेले. मिरजेच्या माजघरात, तिच्या शिवणयंत्राच्या खाली, मी वहीएवढा एक छोटा संगणक बसवला. चंदीगडची आत्या रोज आपलं सगळं त्याच्याकडे उतरवून ठेवणार. रात्रभर वीज कशाला, म्हणून तो सकाळी सातला लावायचा आणि रात्री बंद करायचा, हे आत्यानं ठरवलं. तो सुरू झाला की आमच्या पडद्यावर एक ओळ यावी अशी मी सोय केली. शब्द तिनं दिले: "मिरज लाइनवर आहे. बोला." त्या ओळीचं खरं कारण मी तिला सांगितलं नाही. सात वाजता ती ओळ आली म्हणजे ती उठली, चालली, वाकली, बटण दाबलं. नक्कल उतरण्याशी मला सकाळी सातला काहीही कर्तव्य नव्हतं.

तीन वर्षं झाली. आश्रमातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. जुई आता कॉलेजात आहे आणि आजीला फोनवर मराठीत सतावते. देवघराखाली दही चालतं, पीठ चालत नाही. तशी चिठ्ठी आत्याच्या अक्षरात तिथे चिकटवलेली आहे. श्रीधर अजून क्लाउडचं म्हणतो, पण आता सवयीनं.

आज सकाळी धुकं इतकं होतं की गॅलरीतली तुळस दिसत नव्हती. सात वाजले. पडद्यावर ओळ आली नाही. मी चहा गाळला. सात वाजून चार. म्हटलं, वीज गेली असेल. सात वाजून सात. म्हटलं, दूधवाल्याशी बोलत बसली असेल. मला ते न्हाणीघर दिसायला लागलं, ती ओली फरशी, दोन तास. संजूचं बरोबर होतं, आणि मी माझ्या तत्त्वापायी त्या बाईला एकटं सोडून आले होते. मी फोन लावला. पहिल्या घंटेला उचलला गेला.

"अकरा मिनिटं," आत्या म्हणाली.

"आत्या, तू बरी आहेस ना? मशीन का नाही लावलंस?"

"मुद्दाम. घड्याळ समोर ठेवून बसले होते. अकरा मिनिटांत तुझा फोन आला."

मी चहाचा कप ओट्यावर ठेवला.

"मी उठले की नाही ते बघायला ते डबडं ठेवलंयस, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आयुष्यभर लाइनवर बसले मी. तिसरं माणूस कान लावून असलं की मला ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला? कान लाव की. तुझाच आहे." पलीकडे तिनं कसलंसं भांडं सरकवलं. "मला फक्त एवढंच बघायचं होतं, लाइन चालू आहे का. संजूला सांग, अकरा मिनिटं. त्या आश्रमात घंटी वाजवून बघ म्हणावं, किती वेळात कुणी येतं ते."

"पुन्हा असं करू नकोस. जीव गेला माझा."

"करणार. अधूनमधून लाइन तपासावी लागते, वृंदे. न्हाणीघरातला दांडा पक्का आहे. पाणी तापलंय. तीन मिनिटं झाली."

फोन बंद. मी उभीच होते. मग पडद्यावर ओळ उमटली: मिरज लाइनवर आहे. बोला. देवघराखालची आत्या जोरात घरघरायला लागली, रोजच्यासारखी, नक्कल उतरवायला. मी लगेच संजूला फोन लावला.

"काय गं ताई, इतक्या सकाळी? आत्या बरी आहे ना?"

"अकरा मिनिटं," मी म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे ती तिच्या घरी आहे, आणि तिथेच राहणार आहे," मी म्हटलं, आणि तीन मिनिटं व्हायची वाट न बघता फोन ठेवला.